नवीन आहे का? हो / नाही

नारिनच्या बालतंत्रज्ञ केंद्रात
सत्तावीस वर्षं मी एक वही लिहिते.
अनुक्रमांक, मुलाचं नाव, काय बनवलं, चाललं का,
आणि शेवटी रुंद रकाना: शेरा.
शेऱ्यात एसेनगुल सर म्हणतील ते.
"चाक उलटं बसवलं, पण हसत हसत."
"जळलं. हात भाजला. उद्या येणार आहे."

मधली काही पानं कोरी.
तेव्हा पगाराऐवजी पीठ मिळायचं, कधी तेही नाही;
आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार.
गावातलं लोखंड ट्रकांत बसून सरहद्दीपलीकडे गेलं,
पाट्या, कठडे, बालवाडीचा झोपाळासुद्धा.
आमचं लेथ मशीन सरांनी भावाच्या गोठ्यात
गवताच्या गंजीखाली चार हिवाळे झाकून ठेवलं.
बाहेर काढलं तेव्हा आत उंदराची पिल्लं होती.
अजूनही मशीन तापलं
की खोलीभर वाळल्या गवताचा वास येतो.

मग संस्था आली.
नवोन्मेष, सर्जनशीलता, असे फलक भिंतीला लागले,
आणि खरं बोलायचं तर
वीस सोल्डरिंग गन आल्या, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या,
मुलांची बोटं जानेवारीतही वळू लागली.
मिंधेपण म्हणा, फलकांवरची धूळ मीच पुसते.
सोबत एक फॉर्म आला. त्यात शेरा नाही.
दोन चौकोन. नवीन आहे का? हो / नाही.

बेगायम अकरा वर्षांची.
आमच्या गल्लीचा नळ डिसेंबरात गोठतो.
बाया त्याच्या गळ्याशी पेटता कागद धरतात,
घरून किटली आणून ओततात.
पाण्यासाठी आधी पाणी घालायचं.
ही पोर शाळेतून येताना तिथे उभी राहायची,
नाक लाल, वहीत रेघोट्या.
शेवटी झडप तिनं खाली उतरवली, जमिनीत पुरुषभर खोल.
वर फक्त एक दांडी.
दांडी सोडली की नळीत उरलेलं पाणी
तळाच्या खड्यांत निथळून जातं.
गोठायला वर काही राहतच नाही.
रबर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं,
स्प्रिंग कुणाच्या तरी मोडक्या सोफ्याची.
खड्डा खणायला सर, तिचे दोन मामा, आणि एक पहार.

बिश्केकहून झामिराबाई आल्या, चांगल्या बाई,
बुटातला बर्फ दाराबाहेर झटकून आल्या.
फोनमध्ये बराच वेळ पाहिलं, मग हळूच म्हणाल्या,
"हे आहे गं आधीच. शंभराहून जास्त वर्षं झाली.
लांबच्या देशांत. पेटंटसुद्धा."

कुणीतरी लेथ बंद केलं.

बेगायमनं विचारलं,
"त्यांचंही पाणी खालीच जातं?"
"हो."
"खड्यांत?"
"खड्यांत."
"मग माझं बरोबर आलं,"
म्हणाली ती, गणिताच्या पुस्तकामागचं उत्तर
ताडून पाहिल्यासारखी,
आणि टोपी कानांवर ओढून नळाकडे पळाली.

झामिराबाईंचं पेन दोन चौकोनांच्या मध्ये थांबलं.
मग "नाही"वर टेकलं. टेकणारच, नियम आहे;
त्यांनाही वर कुणाला तरी दाखवायचं असतं.
त्या तिमाहीत आमच्या केंद्राची संख्या शून्य भरली.

संध्याकाळी मी वही उघडून बसले. शेरा?
सर बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत राहिले,
पुसून झालं तरी पुसत राहिले.
"लिही," म्हणाले, "इथे पहिल्यांदा."

फेब्रुवारीत स्प्रिंग दोनदा तुटली.
दुसऱ्यांदा आमच्याच ऑफिसातल्या सोफ्याची काढली;
आता त्यावर बसलं की माणूस डावीकडे कलतो,
पाहुणेसुद्धा.
बाहेर उणे एकतीस.
पहाटे गल्लीत दांडी करकरते,
थोडा वेळ काहीच नाही,
मग बादलीचा तळ वाजतो.

"चाललं का" या रकान्यात
मी अजून पेन्सिलीनंच लिहिलं आहे.